कामासाठी केलेला खर्च उत्पन्नातून केव्हा वजा होतो?

सांगली जिल्ह्यातील एका भगिनीने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्या खाजगी रुग्णालयात परिचारिका असून त्यांचा वार्षिक पगार ७,८०,००० रुपये आहे. पतींचा स्वतःचा एक दहाचाकी मालट्रक आहे, घरचा ऊस आणि चार म्हशी आहेत. दीर घरी बसून परदेशी कंपनीसाठी सॉफ्टवेअरचे काम करतात आणि जाऊबाई दोन महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर शिकवतात. त्यांची मामेबहीण मेलबर्नला परिचारिका असून ती गणवेश, तो धुण्याचा खर्च, नोंदणीचे शुल्क असे सगळे पगारातून वजा करून कर भरते. मग आपल्याला रात्रपाळीचा रिक्षाखर्च, बूट, गणवेश आणि परिचर्या परिषदेच्या नूतनीकरणाचे शुल्क का वजा करता येत नाही, आणि घरातल्या इतरांना कामाचा कोणता खर्च वजा करता येईल, असे त्यांनी विचारले आहे. पुढचा टेम्पो आपल्या नावावर घेतला तर काय, हा प्रश्न त्यांनी शेवटी जोडला आहे.

आपल्या मामेबहिणीचे म्हणणे खरे आहे. ऑस्ट्रेलियात पगारदार माणसालाही कामासाठी स्वतःच्या खिशातून केलेला आणि मालकाने भरून न दिलेला खर्च उत्पन्नातून वजा करता येतो. संस्थेचे चिन्ह असलेला गणवेश धुण्याचा १५० डॉलरपर्यंतचा खर्च तर लेखी पुराव्याशिवायही मागता येतो. मात्र घर ते रुग्णालय हा रोजचा प्रवास तिथेही सर्वसाधारणपणे वजा होत नाही, हे तिने सांगितले नसावे. भारतीय प्राप्तिकर कायद्याची मांडणी मुळातच निराळी आहे. आपल्याकडे माणसाचा पेशा कोणता हे गौण ठरते आणि त्याचे उत्पन्न कायद्याच्या कोणत्या शीर्षाखाली येते यावर त्याच्या खर्चाचे भवितव्य अवलंबून असते. एकच ऑपरेशन करणारे दोन शल्यविशारद, एक रुग्णालयाचा पगारी नोकर आणि दुसरा सल्लागार, करापुरते दोन वेगळ्या जातीचे करदाते असतात.

शीर्षे पाच आहेत: पगार, घरमालमत्तेचे उत्पन्न, धंदा किंवा व्यवसायाचा नफा, भांडवली नफा आणि इतर स्रोत. आपल्या घराला यांपैकी पहिले आणि तिसरे लागू होते. पगार या शीर्षाखाली कायदा फक्त कलम १६ मधल्या वजावटी देतो, म्हणजे प्रमाणित वजावट, व्यवसाय कर आणि सरकारी नोकरांपुरता एक नाममात्र करमणूक भत्ता. याखेरीज प्रत्यक्ष खर्च दाखवून पगारातून वजा करण्याची सोयच नाही, मग तो खर्च कितीही खरा आणि कितीही आवश्यक असो. आयुर्विमा महामंडळाच्या विकास अधिकाऱ्यांनी आपल्या प्रोत्साहन बोनसमधून फिरण्याचा खर्च वजा मिळावा म्हणून वर्षानुवर्षे झगडा दिला. गावोगाव फिरल्याशिवाय त्यांचे काम होतच नाही, हे कोणीही मान्य करील. तरीही २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बोनस पगाराचाच भाग ठरवला आणि कलम १६ पलीकडची वजावट नाकारली.

प्रमाणित वजावट ही त्या सर्व खर्चांपोटी सरसकट दिलेली रक्कम आहे, असे समजावे. २००५ च्या अर्थसंकल्पाने ती काढून टाकली होती. २०१८ मध्ये ती ४०,००० रुपयांच्या रूपाने परत आली, पण त्याच वेळी १९,२०० रुपयांचा वाहतूक भत्ता आणि १५,००० रुपयांपर्यंतच्या वैद्यकीय प्रतिपूर्तीची करमुक्ती गेली. म्हणजे ३४,२०० काढून घेऊन ४०,००० दिले, आणि याचे त्या वेळी मोठे कौतुक झाले होते. पुढे ती ५०,००० झाली, आणि जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पापासून नव्या करप्रणालीत, म्हणजे कमी दराच्या पण बहुतेक सवलती काढून घेतलेल्या पर्यायात, ती ७५,००० आहे. जुन्या प्रणालीत मात्र ती ५०,००० वरच थांबली आहे.

आता आपला स्वतःचा हिशोब पाहू. आर्थिक वर्ष २०२५-२६ साठी नव्या प्रणालीत ४ लाखांपर्यंत कर नाही. ४ ते ८ लाखांवर ५ टक्के, ८ ते १२ लाखांवर १०, १२ ते १६ वर १५, १६ ते २० वर २०, २० ते २४ वर २५ आणि त्यापुढे ३० टक्के कर आहे. त्यावर ४ टक्के उपकर लागतो. निवासी व्यक्तीचे एकूण उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर कलम ८७ए खाली ६०,००० रुपयांपर्यंतची करसूट मिळते. आपल्या ७,८०,००० मधून ७५,००० गेले की ७,०५,००० उरतात, त्यावरचा कर १५,२५० होतो आणि तो सगळाच्या सगळा करसुटीत जातो. देय कर शून्य. गणवेशाचा, बुटांचा, रिक्षाचा खर्च वजा झाला असता तरीही कर शून्यच राहिला असता. तेव्हा १२,७५,००० रुपयांपर्यंत पगार असणाऱ्या आणि दुसरे उत्पन्न नसणाऱ्या माणसाने करासाठी म्हणून पावत्या जमवण्याचा खटाटोप सोडून द्यावा. एक अपवाद लक्षात ठेवावा लागतो. शेअर विकून झालेल्या नफ्यासारख्या विशेष दराने कर लागणाऱ्या उत्पन्नावर ही करसूट चालत नाही आणि हल्ली तरुण पगारदारांकडून या बाबतीत हमखास चूक होते.

पगारदाराला कामाचा खर्च करमुक्त करून घेण्याची एक वाट उरते, आणि ती मालकाच्या हातून जाते. मालकाने विशिष्ट कामासाठी भत्ता दिला आणि तो त्याच कामावर खर्च झाला, तर कलम १०(१४) आणि नियम २बीबी यांखाली खर्च झालेला भाग करमुक्त होतो. दौऱ्याचा प्रवासभत्ता, दौऱ्यावरचा दैनिक भत्ता आणि कामावर असताना करावयाच्या फिरतीचा भत्ता यांची करमुक्ती दोन्ही प्रणालींत आहे. औषध कंपनीच्या प्रतिनिधीने किंवा बँकेच्या वसुली अधिकाऱ्याने पगाराची रचना ठरवतानाच हा भत्ता वेगळा मागून घ्यावा, कारण वर्ष संपल्यावर पेट्रोलच्या पावत्या घेऊन माझ्याकडे येऊन काही उपयोग होत नाही. गणवेश भत्त्याची करमुक्ती मात्र फक्त जुन्या प्रणालीत आहे. एस.टी.चे चालक आणि वाहक यांच्यासारख्या वाहतूक व्यवसायातील कर्मचाऱ्यांना गाडीवर असताना स्वतःच्या खर्चासाठी भत्ता मिळत असेल आणि त्यांना दैनिक भत्ता मिळत नसेल, तर त्या भत्त्याचा ७० टक्के भाग किंवा महिना १०,००० रुपये यांपैकी कमी असलेली रक्कम करमुक्त होते. ही सवलतही जुन्या प्रणालीपुरतीच आहे.

जुनी प्रणाली केव्हा घ्यावी, हे आपण विचारलेले नाही, पण वजावटीचा विषय तिच्याशिवाय पुरा होत नाही. घरभाडे भत्ता, कलम ८०सी चे (विमा, भविष्यनिर्वाह निधी अशा बचतीचे) दीड लाख, आरोग्य विम्याचा हप्ता, राहत्या घराच्या कर्जावरील दोन लाखांपर्यंतचे व्याज, महाराष्ट्रात वर्षाला २,५०० रुपये जाणारा व्यवसाय कर, या सर्व वजावटी तिथेच आहेत. परंतु तिथे ५ लाखांपुढे लगेच २० टक्के आणि १० लाखांपुढे ३० टक्के दर लागतो. भाड्याने राहणारा आणि गावच्या घराच्या कर्जाचे हप्ते फेडणारा मोठ्या पगाराचा माणूस सोडला, तर माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक पगारदारांना ती आता परवडत नाही. नवी प्रणाली आपोआप लागू होते. धंद्याचे उत्पन्न नसलेल्याला दरवर्षी मुदतीत विवरणपत्र भरताना निवड बदलता येते. धंदा किंवा व्यवसाय असलेल्याला मात्र जुन्या प्रणालीसाठी १०-आयईए हा अर्ज द्यावा लागतो आणि तिथून परत येण्याची संधी एकदाच मिळते.

इथे एक गैरसमज दूर करतो, कारण तो सुशिक्षितांमध्येही पक्का बसला आहे. नव्या प्रणालीत वजावटी नाहीत, असे सरसकट म्हटले जाते. गेल्या त्या मुख्यतः बचतीच्या, विम्याच्या, घरकर्जाच्या आणि भत्त्यांच्या सवलती. धंदा किंवा व्यवसाय करणाऱ्याचा कामाचा खर्च कलम ३७ खाली दोन्ही प्रणालींत तसाच वजा होतो, कारण खर्च गेल्यावर जे उरते त्यालाच नफा म्हणतात. घसाराही, म्हणजे वापराने घटणाऱ्या वस्तूच्या किमतीची वजावटही, मिळते. म्हणून नव्या प्रणालीत पगारदार आणि स्वतंत्र व्यावसायिक यांच्यातली दरी कमी न होता वाढली आहे.

पतींच्या ट्रकचा विचार याच अंगाने करावा लागेल. वर्षात कोणत्याही वेळी दहापेक्षा जास्त मालवाहू वाहने नसलेल्या मालकासाठी कलम ४४एई आहे. यात किती भाडे मिळाले, डिझेल किती जळले, टायर किती बदलले, चालकाला आणि क्लीनरला काय दिले, यांपैकी काहीच विचारले जात नाही. एकूण वजन १२,००० किलोपेक्षा जास्त असलेल्या वाहनासाठी दर टनाला दरमहा १,००० रुपये आणि त्याहून हलक्या वाहनासाठी सरसकट दरमहा ७,५०० रुपये उत्पन्न धरले जाते. आरसी बुकावर एकूण वजन २८,००० किलो असेल तर महिन्याला २८,००० आणि वर्षाला ३,३६,००० रुपये होतात. ही रक्कम ४ लाखांच्या आत असल्याने या एका ट्रकवर कर येत नाही. इथे वजन म्हणजे आरसी बुकावरचे एकूण वजन, प्रत्यक्ष भरलेला माल नव्हे. ट्रक ज्या महिन्यांत मालकीचा होता ते सगळे महिने मोजले जातात. २० ऑक्टोबरला घेतला तरी ऑक्टोबर पूर्ण धरला जातो आणि ऊसतोड हंगाम संपल्यावर दोन महिने दारात उभा राहिला तरी ते दोन महिने सुटत नाहीत. प्रत्यक्ष कमाई याहून जास्त दाखवायची असेल तर तीच रक्कम लिहायची असते.

या सोयीची किंमत अशी की त्या आकड्यातून पुढे काहीही वजा होत नाही. कर्जाचे व्याज, विमा, पासिंगचा खर्च, टोल, घसारा असे सगळे त्यात आलेच, असे कायदा गृहीत धरतो. घसाराही मिळाला असे मानून ट्रकची हिशोबातली किंमत दरवर्षी कमी होत राहते आणि हे ट्रक विकताना अनेकांना पहिल्यांदा कळते. भाड्याने चालणाऱ्या मालट्रकवर घसाऱ्याचा दर ३० टक्के आहे. म्हणजे ३५ लाखांचा नवा ट्रक असेल तर पहिल्या पूर्ण वर्षाचा घसारा १०,५०,००० होतो आणि खरा हिशोब बहुधा तोट्यातच दिसतो. तो तोटा दाखवून पुढे ओढायचा असेल तर वहीखाते ठेवून लेखापरीक्षण करून घ्यावे लागते. एका ट्रकसाठी मी तसा सल्ला देत नाही. कर शून्यच आहे, मग लेखापरीक्षणाची फी कशाला? चार-पाच मोठे ट्रक असतील, सगळे कर्जावर असतील आणि शेजारी दुसरे करपात्र उत्पन्न असेल, तर मात्र दोन्ही हिशोब कागदावर मांडून मगच ठरवावे.

पतींना दोन गोष्टी आवर्जून सांगा. ज्या कारखान्याचा किंवा वाहतूक कंपनीचा माल ते वाहतात, तिला पॅन आणि दहापेक्षा जास्त मालवाहू वाहने नसल्याचे घोषणापत्र वर्षाच्या सुरुवातीलाच द्यावे, म्हणजे भाड्यातून टीडीएस (रक्कम देतानाच कापला जाणारा कर) कापला जात नाही. दुसरे असे की ४४एई फक्त मालवाहतुकीला आहे. शाळेची बस, वडाप (प्रवासी जीप) किंवा पर्यटकांची गाडी यांना ते लागत नाही. त्यांचा विचार कलम ४४एडी खाली होतो. तिथे उलाढालीच्या ८ टक्के, आणि बँकेतून किंवा डिजिटल मार्गाने आलेल्या रकमेच्या ६ टक्के, उत्पन्न धरतात. या कलमाखालील उलाढालीची मर्यादा २ कोटी आहे आणि रोखीची जमा ५ टक्क्यांच्या आत असेल तर ३ कोटी. गाडी आपलीच, रस्ताही तोच, पण मागे पोती आहेत की माणसे यावर कलम बदलते.

ऊस आणि म्हशी यांचे थोडक्यात सांगतो. उसाचे उत्पन्न शेतीचे असल्याने करमुक्त आहे. ते फक्त इतर उत्पन्नाचा दर ठरवण्यापुरते मिळवले जाते, तेही इतर उत्पन्न करमुक्त मर्यादेपेक्षा जास्त असेल तेव्हाच. दुधाचे उत्पन्न मात्र शेतीचे नव्हे, ही गोष्ट आमच्या भागात पटवून देताना घसा कोरडा पडतो. म्हशीने आपल्याच शेतातला चारा खाल्ला म्हणून दूध हे शेतीचे पीक ठरत नाही. दूध संघाकडून वर्षाला ६ लाख बँकेत जमा होत असतील तर कलम ४४एडी खाली ६ टक्क्यांनी ३६,००० रुपये उत्पन्न दाखवावे. ट्रक आणि दूध मिळून ३,७२,००० होतात, म्हणजे कर तरीही शून्यच आहे. रोपवाटिकेचे उत्पन्न मात्र कायद्याने शेतीचेच मानले आहे.

दिरांचा प्रश्न सगळ्यात रंजक आहे. त्यांना वर्षाला ३० लाख रुपये मिळतात, असे समजू. वकिली, वैद्यकीय, अभियांत्रिकी, वास्तुरचना, लेखाकर्म, तांत्रिक सल्ला, अंतर्गत सजावट हे आणि अधिसूचित केलेले काही व्यवसाय कलम ४४एडीए च्या यादीत आहेत. माहिती तंत्रज्ञान हा त्यांपैकीच एक. त्यांना मिळालेल्या रकमेचा निम्मा भाग उत्पन्न धरला जातो आणि उरलेला निम्मा खर्च मानला जातो. पावत्या लागत नाहीत. मर्यादा ५० लाख, आणि रोखीची जमा ५ टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाख. ३० लाखांचे १५ लाख झाले की नव्या प्रणालीत कर १,०५,००० आणि उपकर धरून १,०९,२०० होतो. हेच ३० लाख त्यांना पगार म्हणून मिळाले असते तर ७५,००० वजा जाऊन २९,२५,००० वर कर ४,५७,५०० आणि उपकरासह ४,७५,८०० झाला असता. माणूस तोच, संगणक तोच आणि काम तेच असताना करात साडेतीन लाखांहून अधिक फरक पडतो.

हा फरक पाहून अनेक कंपन्या आणि अनेक तरुण नोकरीलाच सल्लागारीचे नाव देतात. तिथे सावध राहावे. करारावर सल्लागार लिहिले म्हणून माणूस सल्लागार होत नाही. कामाच्या वेळा, रजा, भविष्यनिर्वाह निधी, दुसरीकडे काम करण्याची मुभा, कामावर देखरेख कोणाची, हे सगळे एकत्र पाहिले जाते. पुण्याचे रुबी हॉल रुग्णालय चालवणाऱ्या ग्रँट मेडिकल फाउंडेशनच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये डॉक्टरांशी झालेल्या करारांच्या अटी तपासून ते सल्लागारच आहेत, नोकर नाहीत, असे ठरवले. निकाल रुग्णालयाच्या बाजूचा असला तरी त्यातून शिकायचे ते अटींचे महत्त्व. शिवाय सल्लागाराला उपदान (ग्रॅच्युइटी) नाही, भरपगारी रजा नाही, आजारपणाचा पगार नाही. वाचलेल्या साडेतीन लाखांतून याची तरतूद स्वतःच करावी लागते आणि पंचविशीतला मुलगा ती करत नाही, असा माझा अनुभव आहे.

४४एडी किंवा ४४एडीए चे उत्पन्न दाखवणाऱ्याने पूर्ण आगाऊ कर १५ मार्चपर्यंत भरायचा असतो, तर इतरांना जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्च असे चार हप्ते असतात. दिरांचा खरा खर्च निम्म्याहून जास्त असेल तर त्यांनी वहीखाते ठेवून कमी नफा दाखवावा आणि लेखापरीक्षण करून घ्यावे. एकट्याने घरून काम करणाऱ्याचा तेवढा खर्च होत नाही. इंटरनेट, वीज, संगणक, सॉफ्टवेअरचे परवाने, क्वचित भाड्याची जागा, सगळे धरून तो ५ लाखांच्या वर जाणे कठीण. त्यामुळे त्यांनी निम्म्याचाच मार्ग घ्यावा.

जाऊबाईंचे तसे नाही. अध्यापन हा व्यवसाय ४४एडीए च्या यादीत नाही. त्यामुळे तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांनी डोळे झाकून निम्मे उत्पन्न दाखवणे चूक आहे, जरी गावोगावचे विवरणपत्र भरून देणारे तसे सर्रास करत असले तरी. आधी नेमणूकपत्र वाचावे. त्यात नोकरीचा करार असेल तर ती रक्कम पगार आहे आणि ७५,००० ची प्रमाणित वजावट मिळते. दर तासाच्या मानधनावरचे स्वतंत्र काम असेल तर ते व्यवसायाचे उत्पन्न आहे आणि खरा खर्च वजा होतो: संदर्भपुस्तके, एका महाविद्यालयातून दुसऱ्या महाविद्यालयात जाण्याचा प्रवास, लॅपटॉपवर ४० टक्के घसारा. लॅपटॉप घरच्या कामालाही वापरत असतील तर तेवढा भाग सोडून द्यावा. वर्षाचे दोन लाख चाळीस हजार मिळाले आणि महाविद्यालयांनी १० टक्क्यांनी २४,००० कापले असतील, तर त्यांचा मुख्य प्रश्न वजावटीचा नसून परताव्याचा आहे. उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या आत आहे म्हणून त्यांनी विवरणपत्र भरलेच नाही, तर ते २४,००० सरकारजमाच राहतील. कोणत्या कलमाखाली कापले, यावरून उत्पन्नाचे शीर्ष ठरत नाही, पण विवरणपत्रात वेगळे शीर्ष दाखवले तर खुलासा तयार ठेवावा.

यादीच्या शब्दांना किती महत्त्व असते, याचे आणखी एक उदाहरण आपल्याकडच्या नटांचे आहे. चित्रपट कलाकार हा अधिसूचित व्यवसाय आहे आणि त्यात अभिनेता, दिग्दर्शक, छायालेखक, संकलक, गायक, गीतकार, संवादलेखक असे सगळे येतात. पण नियमातली व्याख्या चित्रपटाच्या निर्मितीशी बांधलेली आहे. फक्त रंगभूमीवर दौरे करणाऱ्या नटाला ती जशीच्या तशी लागत नाही. त्याने आपला रंगभूषेचा, पोशाखाचा, तालमींचा आणि प्रवासाचा खर्च नीट लिहून ठेवावा हे बरे. विमा एजंटांचेही असेच आहे. दलालीच्या उत्पन्नाला ४४एडी लागत नाही, त्यांना खरा खर्च दाखवूनच नफा काढावा लागतो.

खरा खर्च म्हणजे काय, याची कसोटी कलम ३७ मध्ये आहे. खर्च संपूर्णपणे आणि केवळ धंद्यासाठी झालेला असावा, वैयक्तिक नसावा आणि भांडवली नसावा. यातल्या ‘केवळ’ या शब्दावर कितीतरी दावे पडले आहेत. ज्येष्ठ वकील आणि माजी कायदामंत्री शांती भूषण यांनी हृदयशस्त्रक्रियेचा सुमारे १ लाख ७४ हजारांचा खर्च व्यवसायाचा म्हणून मागितला होता. हृदय ठीक झाल्यामुळेच वकिली वाढली, असा त्यांचा मुद्दा होता. हृदय हे वकिलाचे यंत्र आहे, इथपर्यंत युक्तिवाद गेला. दिल्ली उच्च न्यायालयाने २०११ मध्ये तो अमान्य केला, कारण निरोगी हृदय वकिलाला जसे लागते तसे प्रत्येकाला लागते. रोजच्या वापराचे कपडे, चष्मा, जेवण यांनाही हाच न्याय लागतो. धंद्याचा खर्च खरा असला तरी एका दिवसात एका माणसाला १०,००० रुपयांपेक्षा जास्त रक्कम रोखीने दिली तर तो वजा होत नाही. मालवाहतूकदाराला भाडे देताना ही मर्यादा ३५,००० आहे.

आपल्या रुग्णालयातील काही सहकाऱ्यांना एका माणसाने परतावा मिळवून दिला आणि त्यातला हिस्सा घेतला, असे आपण ओझरते लिहिले आहे. त्याने बहुधा न भरलेले घरभाडे, न दिलेली राजकीय देणगी किंवा न झालेल्या आजाराचा खर्च दाखवला असावा. अशा बोगस दाव्यांसाठी प्राप्तिकर विभागाने जुलै २०२५ मध्ये देशभर दीडशे ठिकाणी शोधमोहीम घेतली होती. उत्पन्न जाणूनबुजून चुकीचे दाखवल्यास बुडवलेल्या कराच्या २०० टक्के दंड आहे, आणि तो विवरणपत्र ज्याच्या पॅनवर आहे त्याला लागतो, भरून देणाऱ्याला नव्हे. त्या सहकाऱ्यांना अद्ययावत विवरणपत्र भरून अतिरिक्त करासह चूक दुरुस्त करता येते. नोटीस येण्याआधी ते केलेले बरे.

१ एप्रिल २०२६ पासून प्राप्तिकर कायदा २०२५ लागू झाला असून कलमांचे क्रमांक बदलले आहेत. ४४एडी, ४४एडीए आणि ४४एई ही तिन्ही आता कलम ५८ मध्ये एकत्र आली आहेत. २०२५-२६ च्या उत्पन्नाचे विवरणपत्र मात्र १९६१ च्या कायद्यानेच भरायचे आहे, म्हणून मी जुनेच क्रमांक वापरले.

आता टेम्पोचा प्रश्न. पतींनी स्वतःचे पैसे घालून टेम्पो आपल्या नावावर केला, तर कलम ६४ प्रमाणे त्याचे उत्पन्न त्यांच्याच उत्पन्नात मिळवले जाईल. आपल्या नावाचा काही उपयोग होणार नाही. आपल्या पगाराच्या बचतीतून पहिली रक्कम भरली, कर्ज आपल्या नावे घेतले आणि हप्ते आपल्याच खात्यातून गेले, तर टेम्पोचे उत्पन्न आपले. एकूण वजन १२,००० किलोच्या आत असेल तर दरमहा ७,५०० प्रमाणे वर्षाचे ९०,००० होतील. पगाराचे ७,०५,००० आणि हे ९०,००० मिळून ७,९५,००० झाले तरी करसुटीमुळे कर शून्यच राहतो. विवरणपत्र मात्र पगारदारांच्या ‘सहज’ऐवजी ‘सुगम’ या नमुन्यात भरावे लागेल, आणि पुढे कधी जुनी प्रणाली हवी झाली तर १०-आयईए चे बंधन आपल्यालाही लागेल. टेम्पो घेण्यापूर्वी रुग्णालयाने दिलेला फॉर्म १६ (पगार आणि कापलेला कर यांचा दाखला) आणि प्राप्तिकर पोर्टलवरची वार्षिक माहिती पडताळून पाहा, कारण कर्ज देणारी बँक आपली मागील विवरणपत्रे मागेल आणि त्यांतला पगाराचा आकडा फॉर्म १६ शी जुळायला हवा.